चिंधूचा धुरा

चुलीतल्या इस्तवावर हात ठेवून सांगतो, आता जे सांगून राहिलो त्यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला, तं माह्या म्हातारीच्या तोंडातले उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता गळून पडतीन, माही गाय आटंन, अन पुढच्या जन्मी मी माह्याच सुनंची सून होईन. याच्याहून मोठी शपथ कोणी घेतली असंन तं दाखवा मले.

मोहाडीहून सायकल काढली अन बिडी पेटवली, तं बिडी संपते तिथं एक गाव लागते. त्या गावात चिंधू राहे. त्याच्या आधीचे लेकरं जगले नवते, म्हणून मायबापानं मुद्दाम असं फाटकं नाव ठेवलं, का देवाचं ध्यान ह्याच्यावर जाऊ नये. देवाचं ध्यान गेलं नाही हे खरं. पण मंग बाकी कोणाचंच गेलं नाही. थोडंसं धान, एक बैलजोडी, वच्छला नावाची बायको, अन दोन पाय असे, का चेंडू दिसला की ते चिंधूले न विचारता पळू लागत.

आता धानाच्या मुलखात फुटबॉल कुठून आला म्हणान, तं तुमसरकडच्या खाणीवर एक साहेब होता, त्याची बदली झाली. सामानाची बैलगाडी आमच्या नाल्यात उलटली. खुर्च्या सापडल्या, ट्रंका सापडल्या, साहेबाची टोपी बी सापडली. चेंडू मातर वाहत वाहत गेला अन पाण्यात बसलेल्या निर्मलाबाईच्या म्हशीच्या शिंगात अडकला. म्हैस तशीच घरी आली, डोक्यावर चेंडू घेऊन, जशी नवरी बाशिंग बांधून येते. त्या दिवसापासून गावात फुटबॉल सुरू झाला, अन गावातला सगळ्यात चांगला गोलकीपर म्हणजे तीच म्हैस. गोलात आडवी उभी राहे, रवंथ करे, हालायचं नाव नाही. तिच्यावरून चेंडू पार नेणारा माणूस सगळ्या भागात एकच होता. चिंधू.

खेळाचं मैदान म्हणजे धान कापून मोकळी झालेली बांधी. शहरातल्या माणसाले सांगतो, बांधी म्हणजे धानाचं वावर. पाणी अडून राहावं म्हणून तिच्या चारी अंगानं मातीची पाळ रचतात, तिले धुरा म्हणतात. चांगला गुडघ्याएवढा उंच. त्याच्यामुळं आमच्या फुटबॉलात चेंडू बाहेर जाणं नावाची भानगडच नवती. चेंडू धुऱ्याले लागे अन वापस येई. अन तेच चिंधूचं हत्यार होतं. समोरून दोघं जण अंगावर धावून आले का तो चेंडू तिरपा धुऱ्यावर हाणे, आपण दुसऱ्या बाजूनं पळे, अन चेंडू धुऱ्यावरून उसळून बरोब्बर त्याच्या पायापाशी. ते दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहत राहत. म्हैस बी मान वळवून पाहे म्हणतात.

जवानीत त्याले एक मोका आला होता. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या एका मिलची पगारी टीम होती. पगारी म्हणजे मिलमधी नोकरीले लावत, पण काम काय, तं चेंडू लाथाडा. चिंधू घरून भाकरी बांधून निघाला. अख्खं गाव त्याले इस्टेशनावर सोडाले गेलं.

मैदान पाहून त्याले पह्यलं नवल हेच वाटलं, का एवढं मोठं वावर, अन धुरा कुठं? चुन्याची एक बारीक रेघ तेवढी दिसून राहिली होती. त्याले वाटलं, धुरा बांधाचा राहिला असंन, सध्या आखून ठेवला. शिटी वाजली. चेंडू चिंधूच्या पायात आला. दोन गडी अंगावर आले. चिंधूनं नेहमीसारखा चेंडू डाव्या अंगाले तिरपा हाणला, पळाला, अन पुढं जागेवर जाऊन उभा राहिला. चेंडूची वाट पाहत.

चेंडू चुन्याच्या रेघीवरून गेला. रस्ता ओलांडून गेला. अन भज्याच्या कढईत जाऊन पडला. भजेवाल्यानं झाऱ्यानं पलटवला, दोन्ही अंगानं तांबूस झाला, तवा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

टीमचा साहेब धावत आला. "अरे, कोणाले दिला तू चेंडू?"

चिंधूनं इमानदारीनं सांगतलं, "धुऱ्याले."

झालं. अख्खं मैदान पोट धरून हसलं. चिंधू संध्याकाळच्या गाडीनं वापस आला अन त्याच्या आधी त्याची बातमी वापस आली. त्या दिवसापासून त्याले कोणी नुसता चिंधू म्हणलं नाही. धुरा! ए धुरा, इकडं ये. धुऱ्या, बैल सोडले का? शेवटी पोस्टमन बी तेच म्हणे.

त्या गोष्टीले बरेच वर्ष लोटले. चिंधूनं पस्तिशी गाठली. मिशीत पांढरे केस आले, सकाळी उठला का गुडघे कडकड वाजत. पण धान कापून बांधी मोकळी झाली का तो चेंडू घेऊन जाईच. बाकी पोट्टे आता क्रिकेट खेळत. ज्या साली इंग्लंडात क्रिकेटचा कप जिंकला ना, त्या साली तं गावातले कपडे धुवाचे मोगरे सुद्धा गायब झाले, साऱ्याइचे बॅट झाले. चिंधू एकटाच धुऱ्यावर चेंडू मारे अन एकटाच पकडे.

त्याच साली, दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडली जत्रा, होऊन गेली, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं, तवा भैय्यालाल आला. भैय्यालाल म्हणजे चिंधूचा लहानपणचा सोबती. वरठीजवळ एक नवा कारखाना निघाला होता, तिथं तो कामाले होता. रोज सायकलनं जाये अन येताना साऱ्या मुलखाच्या बातम्या घेऊन येई.

"चिंधू गा," सायकलवरून उतरायच्या आधीच तो वरडला, "आमच्या कारखान्याची फुटबॉलची टीम निघून राहिली! पगारी! नागपूरचा एक जुना खेळाडू आणला शिकवाले, कृष्णराव नावाचा. येत्या रविवारी परीक्षा आहे खेळाची."

"पगारी?" वच्छला खळ्यात सुपड्यानं धान पाखडून राहिली होती, तिचा हात थांबला. "खेळाचा पगार देऊन राहिले का? मंग उद्या झोपाचा बी देतीन. आमच्या घरी दोन्ही कामाचा माणूस आहे म्हणाव."

"वैनी, खरं सांगतो."

"तुमी खरंच सांगता भाऊजी. मागं बी असंच खरं सांगून माह्या बापाले पटवलं होतं, का पोरगा मिलमधी लागते."

चिंधू तणसाच्या ढिगाले टेकून उभा होता. पण भैय्यालालनं पाह्यलं, त्याचा उजवा पाय जमिनीवर आपोआप हालून राहिला होता.

"वयाचं काही आहे का?" चिंधूनं हळूच विचारलं.

"तिशीच्या आतले पाह्यजेत म्हणे."

वच्छला खो खो हसली. "तिशीच्या आत! तुमची मिशी तं साठीची दिसून राहिली."

भैय्यालाल गेला. चिंधू खळ्याच्या कडेले चेंडू घेऊन उभा राहिला. मनात एकच गोष्ट फिरून राहिली होती. आता नाही तं कधीच नाही. गुडघे अजून दोनतीन वर्ष ऐकतीन, मंग हे बी बंद. लोक हसतीन याचं भेव नवतं, लोक तं तसेही हसून राहिले होते. भेव याचं होतं का मैदानात धुरा नसंन, अन धुरा नसला तं चिंधूजवळ दुसरं आहे काय?

असा इचार करता करता पायानं चेंडू हाणला. चेंडू गेला तो सरळ वच्छलाच्या सुपड्यावर. थप्प! धान उडालं, अन चेंडू उसळून वापस चिंधूच्या पायात.

"अवो!" वच्छला उठून उभी राहिली, साऱ्या केसात धान. "मी का तुमचा धुरा आहो का? बायकोवर चेंडू मारून राहिले, लाज नाही वाटत?"

चिंधू तिच्याकडं पाहतच राहिला.

"पाहता काय असे? तोंड बंद करा, माशी जाईन."

पण मंडईत दुकानं बंद होता होता जशी एखादी चीज दिसते अन घ्याची राहून जाते ना, तसं त्याले काहीतरी दिसलं अन सुटलं. काय दिसलं ते त्याले त्या दिवशी समजलं नाही.

रविवारी सकाळी वच्छलानंच पुढाकार घेतला. तोंडानं कितीही टोमणे मारे, पण तिले मनातून वाटे का एकदा तरी ह्या माणसाचं व्हावं. तिनं दिव्याची काजळी घेतली, एरंडीच्या तेलात कालवली, अन चिंधूची मिशी, कल्ले, भुवया, सारं रंगवून टाकलं. चिंधूनं आरशात पाह्यलं तं दंडारीच्या नाटकातला राक्षस दिसून राहिला होता.

"आता पंचवीसचे दिसता," वच्छला म्हणे. "फक्त घाम येऊ देऊ नोका."

"फुटबॉलात घाम येऊ देऊ नको?"

"पळा, पण हळू पळा."

बैलगाडी जुंपली अन दोघंही निघाले. वच्छला म्हणे, मी येतोच, मांगच्या बारीले एकटे गेले होते, काय झालं पाह्यलं ना.

कारखान्याच्या मांगं मोठं मैदान होतं. भोवताली पळसाचे झाडं. चिंधूनं पह्यली नजर कडेले टाकली. चुन्याची रेघ. धुरा नाही.

कृष्णराव म्हणजे टक्कल पडलेला, जाड भिंगाचा चष्मा लावलेला माणूस. गळ्यात शिटी, हातात पानाचा डबा. मैदानात वीसेक पोट्टे होते. त्यात एक टेकचंद म्हणून तुमसरचा पोट्टा होता, खिळ्याच्या बुटांचा, हरणासारखा. तो पळे तं मांगून कुत्रे सुद्धा पाठलाग सोडून देत. चिंधूच्या पायात काहीच नवतं. तो जलमभर अनवाणीच खेळला होता.

"काय बे, तुले बूट नाही?" टेकचंदनं विचारलं.

"आहेत ना. हे काय," म्हणून चिंधूनं आपले तळपाय दाखवले. त्याइले पाहून टेकचंद दोन पावलं मांगं सरला. त्या तळपायानं बाभळीचा काटा टोचला तं काटाच मोडे.

दोन टीमी पाडल्या. तुमसरहून येणाऱ्या एका पोट्ट्याची बस चुकली, म्हणून चिंधूच्या टीममधी एक गडी कमी पडला. कृष्णरावनं कारखान्याच्या कॅन्टीनमधला सुखराम ओढून आणला. सुखराम म्हणजे भजे तळणारा माणूस, अंगानं धानाच्या कोठीसारखा, चालला तं जमीन हाले. त्यानं कपाळाले हात लावला.

"साहेब, मले खेळता नाही येत."

"उभा तं राहता येते ना? उभा राह्य."

शिटी वाजली. पह्यलाच चेंडू उंच आला, चिंधूनं झेप घेतली अन डोक्यानं मारला. चेंडू गेला, पण साऱ्याइचं ध्यान चेंडूवर राहिलं नाही, चेंडूवरच्या काळ्या डागावर गेलं. पांढऱ्या चेंडूवर भुवईचा अख्खा छाप. मंग चिंधूनं दुपट्ट्यानं घाम पुसला अन अर्धी मिशी पांढरी झाली.

कृष्णरावनं शिटी फुंकून खेळ थांबवला. जवळ आला, चष्मा वर केला, चिंधूच्या गालावर बोट फिरवलं अन बोट पाह्यलं.

"वय?"

"अठ्ठावीस," चिंधू म्हणाला.

"डाव्या मिशीचं नाही विचारलं. उजव्या मिशीचं विचारलं."

पोट्टे हसू लागले. चिंधूनं मान खाली घातली. पळसाखाली वच्छला उभी राहिली. तिले वाटलं, झालं, आता बैल जुंपा.

"साहेब," चिंधू म्हणाला, "वय पस्तीस झालं. पण अर्धा तास खेळू द्या. मंग हाकलून दिलं तं पायी जाईन, गाडीत बी बसणार नाही."

कृष्णरावनं पान तोंडात टाकलं. त्याले स्वतःले बी कधीतरी वयावरून घरी बसवलं असंन, कोण जाणे. म्हणाला, "अर्धा तास. मंग तोंड धुवून ये."

खेळ परत सुरू झाला. अन काय सांगू माय! चेंडू पायात आला, टेकचंद अन अजून एक जण अंगावर आले, अन चिंधूचा पाय, जो चिंधूले कधीच विचारत नवता, त्यानं चेंडू डाव्या अंगाले तिरपा हाणला. चिंधू पळाला. जागेवर उभा राहिला. चेंडू रेघीवरून पार झाला अन पळसाच्या झाडात जाऊन थांबला.

तेच. तंतोतंत तेच. कोण्यातरी पोट्ट्यानं विचारलं, "भाऊ, कोणाले पास दिला?" अन चिंधूच्या तोंडात उत्तर आलं होतं, ते त्यानं गिळून टाकलं.

तेवढ्यात पळसाखालून वच्छलाचा आवाज आला. तिचा आवाज असा, का वरठीच्या टेसनावर उभ्या असलेल्या गाडीनं उत्तरादाखल शिटी दिली.

"अवोऽ! घरी बायकोवर चेंडू मारता अन इथं हवेवर कायले मारून राहिले? इथं माणसं नाही का?"

साऱ्या मैदानात हशा पिकला. कृष्णराव बी हसला. एक चिंधूच नाही हसला. तो जागच्या जागी उभा. खळं, सुपडं, थप्प, अन चेंडू वापस पायात. त्या दिवशी जे दिसून सुटलं होतं, ते आता समोर येऊन उभं राहिलं. धुरा मातीचाच पाह्यजे असं कोण म्हणलं?

त्यानं इकडंतिकडं पाह्यलं. सगळे पळून राहिले होते. पळणारा माणूस धुरा कसा होईन? फक्त एकच जण पळत नवता. सुखराम मैदानाच्या मधोमध, हात मांगं बांधून, कॅन्टीनच्या चुलीचा इचार करत उभा होता.

चिंधू त्याच्यापाशी गेला. "सुखराम भाऊ, एक काम करसान का?"

"पळाचं असंन तं नाही."

"पळाचं नाही. हालायचंच नाही. मी चेंडू तुमच्या पायाच्या नळीवर मारीन, तुमी फक्त पाय टणक धरा."

"लागंन ना गा!"

"लागंन. पण खेळ झाल्यावर वच्छलाच्या हातचे वडे खाऊ घालीन."

भजे तळणाऱ्या माणसाले दुसऱ्याच्या हातचं खाणं किती गोड लागते हे तुमाले काय सांगू. सुखराम पाय रोवून उभा राहिला.

चेंडू आला. टेकचंद अंगावर आला. चिंधूनं चेंडू तिरपा सुखरामच्या नळीवर हाणला. थप्प! सुखराम म्हणे "माय वो!" अन चेंडू उसळून पुढं, चिंधू तिथं हजर. टेकचंद मांगं राहिला. अजून एक गडी आला, परत सुखराम, परत थप्प, परत "माय वो!" अन चिंधू गोलासमोर. गोलकीपर पाहत होता चिंधूच्या मिशीकडं. गोल!

कृष्णरावच्या तोंडातलं पान थांबलं.

परत तसंच. अन परत. सुखराम मैदानात जिथं असंन तिथं चिंधूचा धुरा तयार. तो ओरडून ओरडून इतका ताल धरू लागला, का बाहेरचे लोक त्याच्या "माय वो" वर टाळ्या वाजवू लागले. टेकचंद गिरक्या घेऊन घेऊन दमला. पण अर्धा तास संपता संपता चिंधूचे गुडघे बी बोलू लागले. सुखरामवरून चेंडू नीट उसळे, पण चिंधू तिथं पोहोचे तं चेंडू निघून गेलेला. एकदा, दोनदा. कृष्णरावनं ते बी पाह्यलं. त्याच्या भिंगातून सुटणारं काही नवतं.

शिटी वाजली. कृष्णराव आला.

"डोक्सं चालते तुहं," तो म्हणाला. "पण पाय संपले. अन सुखरामले मी टीममधी घेऊ शकत नाही, कारखान्यात चहा कोण देईन? उद्या माह्या टीममधले सगळे पळणारे पोट्टे राहतीन. एक बी उभा राहणार नाही. मंग तू काय करशीन?"

खरं होतं. चिंधू घाम पुसत उभा राहिला, आता मिशीत काळं काहीच उरलं नवतं. वच्छला रेघीजवळ येऊन उभी होती.

चिंधूनं टेकचंदकडं पाह्यलं. त्या पोट्ट्याचे पाय दमूनही पळाले पाहत होते, एका जागी उभं राहवत नवतं त्याले, बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा.

"साहेब," चिंधू म्हणाला, "अजून एक चेंडू खेळू द्या. या पोट्ट्याले माह्या बाजूनं द्या."

"अन तू?"

"मी उभा राहतो."

टेकचंद चिडला. "मी याच्यासंगं नाही खेळत. हा मले सुखरामसारखा मारंन."

"अरे, मी तुले नाही मारत, तू मले मार," चिंधू म्हणाला. "चेंडू माह्या पायावर हाण, अन तू पळ. जिकडं पळशीन तिकडं चेंडू येईन. मोठा माणूस सांगून राहिला ना, ऐक."

"जिकडं पळीन तिकडं?"

"नाही आला तं माही मिशी उपट. जेवढी पांढरी आहे तेवढी."

खेळ सुरू झाला. चिंधू मधोमध उभा, पाय रोवून. टेकचंदनं रागानंच चेंडू त्याच्यावर हाणला, जसा दगड मारावा तसा. चिंधूनं पाय नुसता तिरपा केला. बस, एवढंच. आयुष्यभर त्यानं धुऱ्यावर चेंडू मारला होता. चेंडू कसा येते, कसा उसळते, कोणत्या बाजूले जाते, हे धुऱ्याच्या बाजूनं बी त्याच्या अंगात मुरलं होतं. चेंडू उसळला अन पळणाऱ्या टेकचंदच्या बरोब्बर पुढं पडला. पोट्टा अडखळलाच, त्याले वाटलं नवतं. मंग सावरला अन जो सुटला! त्याच्यासमोर कोणी नवतं. गोल.

तो वापस आला तवा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "काका," म्हणे, "अजून एकदा."

अजून एकदा. डावीकडून, उजवीकडून, पाठमोरा. टेकचंद पळे तिकडं चेंडू येई. बाकीचे पोट्टे बी म्हणू लागले, काका, आमाले बी. एकानं मारला, दुसऱ्यानं मारला, चिंधू आपल्या जागेवर उभा अन चेंडू साऱ्या मैदानात फिरून राहिला. गुडघ्याचं काही नाव नाही. गुडघ्याले काही कामच नवतं. अन चिंधूच्या तोंडावर असं हासू होतं का वच्छलानं लग्नाच्या दिवशी बी पाह्यलं नवतं, अन त्याचा तिले थोडा राग बी आला.

कृष्णरावनं पान थुंकलं. कारखान्याचा एक साहेब खुर्ची टाकून बसला होता, तो म्हणाला, "कृष्णराव, वय जास्त आहे त्याचं."

"साहेब, तुमी मले टीम जिंकवाले आणलं का वय मोजाले?" कृष्णराव म्हणाला. मंग चिंधूच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाले पळाले ठेवत नाही. उभं राह्याले ठेवतो. सोमवारी कामावर या. अन ते तोंड धुवा आता, पोट्टे घाबरून राहिले."

पह्यल्यांदा त्याले कोणी मैदानात "तुमी" म्हणलं होतं.

वच्छला जवळ आली. चिंधूले वाटलं, आता कायतरी बोलंन. तिनं लुगड्याच्या पदरानं त्याच्या तोंडावरची काजळी पुसली, जरा जोरातच, जसं लहान लेकराचं पुसतात, अन एवढंच म्हणाली, "आता घरी सुपडं नवं घ्या लागंन. जुन्याले भोक पडलं."

टीम चार सीझन खेळली. गोंदिया, बालाघाट, भंडारा, नागपूर. चिंधू मैदानाच्या मधोमध उभा राहे, अनवाणी, पांढरी मिशी पिळून, अन भोवताली जवान पोट्टे वाऱ्यासारखे फिरत. सगळे गोल टेकचंदच्या नावावर लागत. चिंधूच्या नावावर बहुतेक एखादाच लागला असंन, तो बी चुकून. पण गोल झाला का टेकचंद पह्यले धावत येई तो चिंधूकडं. अन मैदानाबाहेरून लोक ओरडत, "धुरा! धुरा!" जसं एखाद्याचं नाव ओरडतात तसं. चिंधू हात वर करे. त्याले ते नाव आता इतकं आवडू लागलं, का गावात कोणी चुकून चिंधू म्हणलं तं तो वळून बी पाहत नसे.

हे सगळं खरं आहे. नाल्यातला चेंडू खरा, भज्याची कढई खरी, म्हैस खरी, वरठीच्या गाडीची शिटी तं मी माह्या कानानं ऐकली. फक्त एक गोष्ट, शपथ आता दातावरच आली म्हणून सांगून टाकतो. तो सुखराम धानाच्या कोठीसारखा नवता. सुकलेल्या तुरीच्या काडीसारखा होता, फुंकर मारली तं मैदानाच्या पार जाईन असा. पण काडीसारख्या माणसावरून चेंडू वापस येते असं सांगतलं असतं, तं तुमी म्हणले असते, डोकरी फेकून राहिली.